विजेच्या पेठेत एक फेरी

मुलांनो, 'फॉरेनची वस्तू' हे शब्द तुम्ही कधी ऐकलेत का? ऐकले नसतील तर आज घरी आजोबांना विचारा. ते लगेच खुर्चीत सरसावून बसतील आणि म्हणतील, "अरे, आमच्या अख्ख्या वाड्यात एकाच घरी फॉरेनचा टू-इन-वन होता!" टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकाच डब्यात. १९९१ च्या आधी आपल्या देशात परदेशी वस्तू आणण्यावर पुष्कळ बंधनं होती. त्यामुळे दुबईहून, सिंगापूरहून नाहीतर जपानहून कुणी आलं, की त्याच्या बॅगेतून काय काय निघतं ते बघायला सगळी आळी जमायची. कॅमेरा, मनगटी घड्याळ, कॅल्क्युलेटर! वस्तू ज्या खोक्यातून आली ते खोकंसुद्धा लोक माळ्यावर जपून ठेवत.

आता ते दिवस राहिले नाहीत. जपानी, कोरियन, चिनी, सगळी यंत्रं आपल्या तालुक्याच्या दुकानातसुद्धा मिळतात. पण गंमत बघा, परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात वस्तूंची यादी अजूनही पडतेच. २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या दादाकडे तोक्योला गेले, तेव्हा माझ्याही हातात पडली. आईने आठ हजार रुपये दिले आणि सांगितलं, "तिकडचा भाताचा कुकर आण. तिकडे भात फार छान होतो म्हणतात." आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी रुमालाची गाठ सोडून दोन हजार रुपये माझ्या हातात ठेवले. त्यांचे यजमान रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यायला जातात. त्यांच्यासाठी खिशात मावेल असा रेडिओ हवा होता. मोबाइलवर गाणी ऐकली की बॅटरी उतरते, आणि रात्री शेतात बॅटरी उतरून कसं चालेल? साध्या सेलवरचा रेडिओ मात्र कितीतरी दिवस चालतो.

दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे खिशात असले ना, की माणूस वस्तू नीट पारखून घेतो. त्या पारखण्याचीच ही गोष्ट. चला तर मग, माझ्याबरोबर जपानच्या विजेच्या पेठेत!

गाय नव्हे, गाइ!

दादाचं घर तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाई नावाच्या भागात आहे. तिथे भारतीय कुटुंबं इतकी आहेत, की रस्त्यात मराठी कानावर पडलं तरी कुणी मागे वळून बघत नाही. तिथून आभाळी रंगाच्या तोझाई लाइनने कायाबाचोपर्यंत जायचं. तिथे राखाडी रंगाच्या हिबिया लाइनमध्ये बसायचं. तिसरं स्टेशन आलं की उतरायचं. त्या स्टेशनाचं नाव आकिहाबारा.

माझ्याबरोबर होते आमचे भाचेराव. इयत्ता आठवी. जपानी भाषा फाडफाड बोलतात आणि आत्याला वाट दाखवायची म्हणून ऐटीत पुढे चालतात. बाहेर पडताच त्यांनी एका पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आत्या, ही देन्की-गाइ."

"गाय? कुठे आहे गाय?" मी इकडेतिकडे बघायला लागले.

भाचेराव पोट धरून हसले. अहो, 'देन्की' म्हणजे वीज आणि 'गाइ' म्हणजे पेठ. देन्की-गाइ म्हणजे विजेची पेठ! आपल्या पुण्यात जशा बुधवार, शुक्रवार पेठा, तशी ही तोक्योची विजेची पेठ. सात-आठ मजल्यांच्या उभ्या, अरुंद इमारती. त्यांच्यावर लाल-पिवळ्या भल्यामोठ्या पाट्या. दारादारांतून "इराश्शाइमासे!" म्हणजे 'या, या' अशी हाक. कुठे चित्रपटांतल्या बाहुल्या, कुठे जुने व्हिडिओ गेम, कुठे कॅमेरे, कुठे नुसत्या वायरी. मधला मोठा रस्ता रविवारी दुपारी गाड्यांना बंद करतात. मग माणसं चक्क रस्त्याच्या मधोमध उभी राहून फोटो काढतात.

आगीतून निघालेलं नाव

ही पेठ इथेच कशी वसली? त्याची कहाणी आगीपासून सुरू होते.

त्या काळी तोक्योतली घरं लाकडाची असत. एक घर पेटलं की गल्लीच्या गल्ली जळायची. १८६९ साली या भागात मोठी आग लागली. तेव्हा सरकारने ठरवलं, इथे पुन्हा घरं बांधायची नाहीत. जागा मोकळी सोडायची, म्हणजे पुढची आग इथे येऊन थांबेल. त्या मोकळ्या मैदानात आगीपासून राखण करणारं एक देऊळ उभारलं. लोकांना वाटलं, आगीपासून वाचवणारा 'आकिबा' नावाचा प्रसिद्ध देव आहे, त्याचंच हे देऊळ असणार. मग मैदानाला आकिबाचं मैदान म्हणू लागले. त्यावरून झालं आकिहाबारा. देऊळ पुढे दुसरीकडे हलवलं, १८९० मध्ये इथे मालगाड्यांचं स्टेशन आलं, पण नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

विजेचा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा तोक्यो बेचिराख झालं होतं. अन्नाची टंचाई, कपड्यांची टंचाई. पण बातम्या कळायला रेडिओ तर हवा! नवा रेडिओ परवडत नव्हता. जवळच कांदा भागात विजेचं शिक्षण देणारी एक शाळा होती. तिथले विद्यार्थी सुटे भाग विकत आणायचे, रेडिओ जोडायचे आणि विकायचे. त्यातून त्यांच्या शिक्षणाचा खर्च निघायचा. बघता बघता रस्त्यावर सुट्या भागांचे पथारीवाले वाढले. १९४९ मध्ये रस्त्यावरची दुकानं हटवण्याचा हुकूम निघाला. मग हे पथारीवाले कुठे गेले असतील? आकिहाबारा स्टेशनच्या उंच रेल्वेपुलाखाली! वरून गाड्या धडधडत जायच्या आणि खाली दुकानं चालायची.

जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ १९५५ मध्ये आला. त्यानंतर घरोघरी टीव्ही, धुलाई यंत्र आणि फ्रिज घ्यायची धूम सुरू झाली. ती खरेदी करायला लोक या पेठेतच यायचे. १९७६ मध्ये इथल्या 'रेडिओ काइकान' या इमारतीत एका कंपनीने टीके-८० नावाच्या छोट्या संगणकाचं केंद्र उघडलं. हा संगणक तयार मिळत नसे. सुटे भाग आणि एक पट्टी मिळायची. सोल्डरिंग करून आपला आपण जोडायचा! तिथे येऊन लोक एकमेकांना विचारून शिकले. जपानमधला घरगुती संगणक असा या पेठेत रांगायला लागला.

म्हणजे पाहा, ही पेठ मुळात तयार वस्तू विकत घेणाऱ्यांची नव्हती. ती वस्तू बनवणाऱ्यांची होती.

"कशासाठी वापरणार?"

ती जुनी रेल्वेपुलाखालची दुकानं अजून आहेत. स्टेशनच्या अगदी लगत 'रेडिओ सेंटर' नावाचा एक बोळ आहे. बोळ कसला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. दुकान म्हणजे आपल्याकडच्या पानटपरीएवढं. चारही बाजूंना इवलेइवले कप्पे आणि मधल्या खोबणीत दुकानदार. कप्प्यांत काय? दिवे, बटणं, रंगीत वायरी, तांब्याची वेटोळी, तांदळाएवढे रेझिस्टर. एखाद्या दुकानात फक्त स्विच, दुसऱ्यात फक्त वायरींची टोकं! डोक्यावर गाडी गेली की सगळे कप्पे हळूच थरथरतात.

मला चौथीच्या वर्गासाठी एक स्विच घ्यायचा होता. दोन सेल, एक छोटा दिवा आणि स्विच, असा विद्युतमंडलाचा प्रयोग आम्ही करतो. मी एक छान, जाडजूड, खटकन वाजणारा स्विच उचलला. किंमत ३५० येन. दुकानदार आजोबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "नानि नि त्सुकाइमास का?"

भाचेरावांनी मराठी केलं, "कशासाठी वापरणार, असं विचारतायत."

मी सांगितलं. आजोबांनी माझ्या हातातला स्विच अलगद काढून घेतला, जागेवर ठेवला आणि दुसऱ्या कप्प्यातून नखाएवढा स्विच काढून दिला. म्हणाले, तो मोठा स्विच मोठ्या यंत्रांसाठी. दोन सेलच्या दिव्याला हा पुष्कळ झाला. किंमत ८० येन!

गिऱ्हाईक महागाची वस्तू घेत असताना त्याला स्वस्त वस्तू देणारा दुकानदार! पण मला त्या ऐंशी येनांच्या स्विचपेक्षा आजोबांचा प्रश्न जास्त मोलाचा वाटला. कशासाठी वापरणार? आणि मी त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न जोडला, कुठे वापरणार? हे दोन प्रश्न खिशात टाकून आम्ही मोठ्या दुकानांकडे निघालो.

आईच्या कुकरचं गणित

स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला २००५ मध्ये उघडलेलं एक अवाढव्य दुकान आहे. एक संपूर्ण भाग नुसत्या भाताच्या कुकरांचा! पांढरे, काळे, लाल, बोलणारे, गाणं म्हणणारे. एक साधासा पण सुबक कुकर ७,९८० येनांना होता. त्या दिवसांत १०० येनांना साधारण ५८ रुपये पडत होते. म्हणजे ४,६०० रुपयांच्या आसपास. आईचे पैसे पुरून उरत होते. घ्यायचा का मग?

भाचेरावांनी कुकर उलटा केला. तळाला एक चांदीच्या रंगाची पट्टी होती. त्यावर लिहिलं होतं : १०० व्होल्ट, ६०० वॅट.

मुलांनो, इथे जरा थांबू या. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. टाकी जितकी उंच तितका नळाच्या पाण्याला जोर जास्त, तसंच हे. आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट आहे. जपानमध्ये फक्त १०० व्होल्ट. म्हणजे आपला दाब त्यांच्या २.३ पट. मग १०० व्होल्टचा कुकर आपल्याकडे लावला तर तो २.३ पट तापेल, असं तुम्ही म्हणाल. नाही! दाब वाढला की कुकरच्या तारेतून वीजही तितक्याच पटीने जास्त वाहते. म्हणून उष्णता २.३ गुणिले २.३, म्हणजे जवळजवळ ५.३ पट होते. ६०० वॅटचा कुकर ३,००० वॅटच्या वर जायला बघेल! भात होण्याआधी कुकरच जळेल, आणि नशीब वाईट असेल तर घरालाही धोका.

"पण आत्या, पिन बदलायचा अडॅप्टर मिळतो की," भाचेराव म्हणाले. मिळतो. जपानी पिना दोन आणि चपट्या, आपल्या गोल. तो अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. हे फार महत्त्वाचं आहे, विसरू नका. दाब बदलायला ट्रान्सफॉर्मर लागतो. कुकरसारख्या तापणाऱ्या यंत्राला चालेल असा ट्रान्सफॉर्मर कुकरपेक्षाही जड असतो आणि त्याचे पैसे वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

परदेशी पाहुण्यांसाठी २२० ते २३० व्होल्टवर चालणारे कुकरही पेठेत मिळतात. आम्ही तोही बघितला. त्याची किंमत पहिल्याच्या तिपटीहून जास्त. आणि बिघडला तर? हमीपत्र जपानीत. मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग राहू दे बाई. बिघडला तर दुरुस्तीला कुणाला जपानला पाठवू?" आईने एका वाक्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली! परत आल्यावर पुण्यात तिने स्वतः दुकानात जाऊन, दोन वर्षांच्या हमीचा कुकर घेतला. आठ हजारांतले पैसे उरले, त्यांचा तिने बासमती आणला.

आता एक गमतीची गोष्ट. जपानमध्ये विजेचा दाब सगळीकडे सारखा आहे, पण वीज दर सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते, ते मात्र पूर्वेला वेगळं आणि पश्चिमेला वेगळं. १८९० च्या दशकात तोक्योने जर्मनीची यंत्रं आणली, ती ५० हर्ट्‌झची. ओसाकाने अमेरिकेची आणली, ती ६० हर्ट्‌झची. ते आजतागायत तसंच चालू आहे. २०११ च्या मार्चमध्ये मोठा भूकंप आणि त्सुनामी आली, तोक्योत विजेचा तुटवडा पडला. तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पूर्वेला हवी तितकी पाठवता आली नाही, कारण ५० आणि ६० यांची सांगड घालणारी केंद्रं थोडीच होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका खरेदीचा परिणाम देश अजून भोगतो आहे! खरेदी करताना विचार करावा तो असा.

१०८ पर्यंतचा रेडिओ

आता मावशींचं काम. रेडिओ तर सेलवर चालतो. सेल १.५ व्होल्टचा, जपानमध्येही आणि आपल्या किराणा दुकानातही. मग काळजी कसली? कुठलाही घ्या!

थांबा. रेडिओला विजेइतक्याच लहरीही लागतात. प्रत्येक देशाने आकाशवाणीसाठी लहरींचे पट्टे वाटून दिलेले आहेत. आपल्याकडे एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झ. जपानमध्ये एफएम सुरू होतं ७६ पासून. पूर्वी ते ९० वर संपायचं, आता ९५ पर्यंत जातं. आणि पुण्याची विविध भारती कुठे लागते? १०१ वर! म्हणजे ९० वर किंवा ९५ वर संपणारा रेडिओ मावशींच्या यजमानांना दिला, तर त्यांना रात्रभर नुसती खरखर ऐकू येईल.

आम्ही कपाटासमोर उभे राहिलो आणि एकेका रेडिओचे आकडे वाचू लागलो. ७६ ते ९०. ठेवा खाली. ७६ ते ९५. ठेवा खाली. भाचेरावांची मान दुखायला लागली. शेवटी एक सापडला, ७६ ते १०८! जपानी माणसाला १०८ ची काय गरज, असं तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं. त्याचं कारण मजेशीर आहे. पूर्वी तिथे ९० ते १०८ या पट्ट्यात टीव्हीचे पहिले तीन चॅनल चालायचे. काम करता करता टीव्हीचा नुसता आवाज ऐकता यावा म्हणून रेडिओवाले पट्टा तिथपर्यंत वाढवत. २०११ मध्ये टीव्हीचं ते जुनं प्रक्षेपण बंद झालं, पण १०८ पर्यंत जाणारे काही रेडिओ बाजारात राहिले. जपानी टीव्हीसाठी वाढवलेला पट्टा पुरंदर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडला की नाही?

किंमत करासह २,९८० येन, म्हणजे १,७३० रुपये. उरलेले पैसे मावशींना परत. आता रात्री पाणी देताना त्यांचे यजमान रेडिओ बांधाच्या दगडावर ठेवतात. मावशी म्हणतात, "मॅडम, लांबून गाणं ऐकू आलं की मला घरात कळतं, माणूस ठीक आहे." रेडिओचा हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

एकाला योग्य, दुसऱ्याला अयोग्य

भाचेरावांची स्वतःची मागणी वेगळीच होती. जून २०२५ मध्ये निन्तेन्दो कंपनीचा 'स्विच २' हा नवा खेळ येणार होता आणि सगळीकडे त्याच्याच गप्पा. जपानमध्ये त्याचे दोन प्रकार होते. एक ४९,९८० येनांचा, दुसरा ६९,९८० येनांचा. यंत्र तेच, मग वीस हजार येनांचा फरक का? स्वस्त यंत्राची भाषा फक्त जपानी, आणि त्यावर खेळायला खातंही जपानमधलंच लागतं. दुसऱ्यात अनेक भाषा.

"मला काय, मला जपानी येतं!" भाचेराव म्हणाले. खरंच आहे, त्यांना स्वस्तच योग्य. पण तोच खेळ कुणी सोलापूरच्या मामेभावासाठी आणला असता, तर त्या बिचाऱ्याला पडद्यावरची अक्षरं लागली नसती आणि खातंही अडलं असतं. वस्तू तीच. एकाला योग्य, दुसऱ्याला अयोग्य. काही कंपन्यांच्या तिथल्या कॅमेऱ्यांचंही असंच आहे, आतली भाषा फक्त जपानी. म्हणून दुकानातच यंत्र चालू करून भाषेची यादी बघून घ्यावी.

पेठेत जुन्या वस्तूंची दुकानंही पुष्कळ. तिथली एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येक जुन्या कॅमेऱ्याला चिठ्ठी बांधलेली, आणि तिच्यावर त्याचे दोष लिहिलेले. 'डाव्या कोपऱ्यात ओरखडा', 'झाकण सैल'. पण काही टोपल्यांवर 'जंक' अशी पाटी असते. त्याचा अर्थ, चालेल की नाही ते आम्ही सांगत नाही, परतही घेणार नाही. सुटे भाग काढून वापरणाऱ्यांना ती टोपली म्हणजे खजिना. आपल्यासारख्यांनी नुसती बघावी आणि पुढे जावं.

दोन देश, दोन कर

आता थोडं करांविषयी. ते कंटाळवाणं वाटेल, पण पैशाशी गाठ आहे, तेव्हा ऐका.

जपानमध्ये बहुतेक वस्तूंवर १० टक्के कर असतो. परदेशी पाहुणा ती वस्तू देशाबाहेर नेणार असेल, तर त्याला हा कर माफ होतो. आम्ही गेलो तेव्हा एका दुकानात एका दिवशी कर सोडून किमान ५,००० येनांची खरेदी करावी लागे आणि पासपोर्ट दाखवला की दुकानातच कर वजा होई. ही पद्धत १ नोव्हेंबर २०२६ पासून बदलायचं जपान सरकारने ठरवलं : आधी पूर्ण किंमत भरायची आणि जाताना विमानतळावर तपासणी झाली की कर परत मिळायचा. आमचा रेडिओ ५,००० येनांत बसत नव्हता. दुकानातली ताई म्हणाली, आणखी काही घेतलंत तर कर माफ होईल. २७० येनांचा कर वाचवायला दोन-अडीच हजार येनांची नको असलेली वस्तू घ्यायची! हे गणित तर माझी चौथीतली मुलंही चूक ठरवतील.

तिथला कर माफ झाला म्हणजे सुटलो असं मात्र नाही. आपल्या देशात आल्यावर कस्टमची चौकी असते. ठरावीक किमतीपर्यंतचं सामान करमुक्त, त्यापुढे कर. ज्याच्याजवळ कर लागणारं सामान आहे त्याने लाल मार्गाने जाऊन ते आपणहून सांगायचं, बाकीच्यांनी हिरव्या मार्गाने जायचं. ही मर्यादा आणि हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी कस्टम खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्यावेत. पूर्वी लोक बँकॉक, दुबईहून चपटे टीव्ही सर्रास आणायचे. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने त्यांची सूट काढून घेतली आणि त्यांच्यावर ३६.०५ टक्के कर लावला. चाळीस हजारांच्या टीव्हीवर चौदा हजारांहून जास्त! स्वस्ताई तिथेच संपली.

आणि हो, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात मोठ्या बॅगेत टाकायच्या नसतात. त्या आपल्याजवळच्या पिशवीत ठेवायच्या. त्या कधीकधी तापून पेट घेतात. माणसांमध्ये असल्या तर लगेच कळतं आणि विझवता येतं, खालच्या सामानाच्या कप्प्यात कोण बघणार?

घरबसल्या करून बघा

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे जपानला निघालोय! बरोबर आहे. पण विजेच्या पेठा आपल्याकडेही आहेत. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तिथेही कप्प्याकप्प्यांत तसेच तांदळाएवढे रेझिस्टर, नखाएवढे स्विच मिळतात. एखाद्या रविवारी घरच्या मोठ्या माणसांबरोबर चक्कर मारा. काय बनवायचं आहे ते दुकानदाराला सांगितलंत, तर बरेच दुकानदार हौसेने समजावून देतात.

आणि त्याआधी एक खेळ. वही-पेन्सिल घ्या. घरातल्या पाच यंत्रांवरच्या पट्ट्या शोधा. प्लगला लावलेलं यंत्र आधी बंद करून, मोठ्यांना सांगून काढायचं, बरं का! मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असं काहीतरी सापडेल. याचा अर्थ तो चार्जर जपानमध्येही चालेल आणि आपल्याकडेही. आता मिक्सर किंवा इस्त्री बघा. तिथे बहुधा २३० च दिसेल. मग वहीत तीन रकाने करा. पहिल्यात यंत्राचं नाव, दुसऱ्यात व्होल्ट, तिसऱ्यात 'जपानला चालेल की नाही'. लॅपटॉपचा चार्जर, पंखा, टीव्ही, आजोबांचा जुना टू-इन-वन, जे सापडेल ते लिहा. आजोबांच्या टू-इन-वनच्या मागे दाब बदलायची एखादी छोटी खिट्टी असली, तर तिला हात लावू नका, नुसती बघा. कदाचित तो देशोदेशी चालावा म्हणूनच बनवलेला असेल!

पाच यंत्रं झाली, की शेजारच्या मित्राची यादी घेऊन ताडून बघा. कुणाच्या घरातली जास्त यंत्रं जपानला जाऊ शकतात?